रक्ताचा डाग पक्का कोण करतं?

चादरीवर रक्त सांडलं की घरातून पहिला हुकूम सुटतो, "गरम पाणी आणा!" तुपाच्या डागावर गरम पाणी चालतं, मळलेल्या कॉलरवर चालतं, त्यामुळे हात आपोआप गीझरच्या नळाकडे जातो. रक्ताच्या बाबतीत याच्याइतका महागात पडणारा सल्ला दुसरा नसेल. खरं तर ताजं रक्त हा तसा गरीब डाग. हळद, आंब्याचा चीक, बॉलपेनची शाई हे खरे चिवट. रक्ताचा निम्म्याहून अधिक भाग प्लाझ्माचा असतो आणि प्लाझ्मात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. लाल रंग देणारं हिमोग्लोबिनसुद्धा पाण्यात विरघळतं. म्हणजे डाग पाण्याबरोबर निघून जायला तयारच असतो. त्याला कपड्यात कोंडून ठेवतो तो बहुतेक वेळा आपणच केलेला उपाय.

हे कोंडणं होतं कसं? रक्तात पाण्याखालोखाल असतात ती प्रथिनं. अंड्याचा पातळ पारदर्शक भाग तव्यावर पडला की पांढरा आणि घट्ट होतो, आणि कितीही पाणी ओतलं तरी पुन्हा पातळ होत नाही. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पुढे रक्तातली प्रथिनंही अशीच गोठतात, आणि गोठताना सुताच्या धाग्यांना धरून बसतात. मग साबण वरून फिरतो, डाग जागचा हलत नाही. डाग पुरता निघण्याआधी फिरवलेली इस्त्री किंवा ड्रायरची गरम हवा हेच करते.

यावर एक शंका नेहमी येते: दवाखान्यातल्या चादरी तर उकळत्या पाण्यात धुतात, त्या कशा पांढऱ्या राहतात? तिथेही पहिलं पाणी थंडच असतं. रक्त त्या पाण्यात वाहून गेलं की मगच तापमान वाढवतात. सत्तर अंशांच्या पुढची ती धुलाई जंतू मारण्यासाठी असते, डाग काढण्यासाठी नव्हे. क्रम उलटला तर दवाखान्याच्या चादरीही तपकिरी होतील.

थंड म्हणजे बर्फाचं पाणी हवं, असंही नाही. नळाचं साधं पाणी पुरे. फक्त मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी येणाऱ्या पाण्याला "नळाचं थंड पाणी" म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे. त्या दिवसांत माठातलं पाणी घ्यावं. कपडा उलटा करून पालथ्या बाजूने धार सोडावी, म्हणजे रक्त आलं त्या वाटेनेच बाहेर पडतं. घासणं, ब्रश मारणं, दगडावर आपटणं नंतरसुद्धा नको. टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. चोळल्याने डाग धाग्याच्या पिळात आणखी खोल जातो.

"मीठ लावा, लिंबू पिळा"

मिठाचं पाणी निरुपयोगी नाही. थोडं मीठ काही प्रथिनांना पाण्यात विरघळलेलं राहायला मदत करतं. पण साध्या पाण्याचंही स्वतःचं बळ असतं. त्यात रक्तातल्या लाल पेशी फुगून फुटतात आणि आतलं हिमोग्लोबिन मोकळं होऊन वाहून जातं. म्हणजे श्रेय बहुतेक पाण्याचं आणि वेळेवर हात लावल्याचं, नाव मात्र मिठाचं होतं. डागावर मिठाचा ढीग घालून कपडा तसाच ठेवण्यात तर काहीच अर्थ नाही. लिंबू आणि व्हिनेगर ताज्या रक्तावर नकोतच, कारण आम्लानेही प्रथिनं गोठतात. टूथपेस्टमध्ये थोडा फेसाळ साबण आणि थोडी खरखरीत भुकटी असते. एवढ्यासाठी ती कपड्यावर फासायची गरज नाही.

आपल्याकडे या घरगुती उपायांना हळदीची जोड मिळते. बोट कापलं की चिमूटभर हळद दाबायची आणि हाताला येईल ती चिंधी गुंडाळायची. नंतर ते कापड साबणाने धुतलं की पिवळा भाग एकदम लालभडक होतो आणि धुणारी व्यक्ती घाबरते: रक्त आणखी पसरलं! रक्त तेवढंच असतं. हळदीतलं कर्क्युमिन साबणातल्या क्षाराने लाल होतं. भरपूर पाण्यात खळबळलं की रंग पुन्हा पिवळ्यावर येतो. अशा कापडातलं रक्त आधी थंड पाण्यात घालवावं आणि मग ते उन्हात टाकावं. हळद ऊन खाते, दोन-तीन दिवसांत फिकी पडते. रक्ताचं तसं नाही. डाग ठेवून उन्हात वाळवलेला कपडा पुन्हा धुताना जास्त त्रास देतो.

"ज्याचं रक्त, त्याचीच थुंकी"

शिवणकाम करणाऱ्यांमध्ये ही समजूत पक्की आहे, आणि ती फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत क्विल्ट शिवणाऱ्या बायका पांढऱ्या दोऱ्याचा गुंता तोंडात ओला करून त्याने सुई टोचल्याचा ठिपका टिपतात, आणि तो दोरा रक्त सांडलेल्या बाईनेच चघळला पाहिजे, असं बजावतात.

उपाय चालतो, कारण मात्र चुकीचं सांगितलं जातं. लाळेतलं मुख्य पाचक द्रव्य अमायलेज. ते पिठूळ पदार्थ फोडतं. प्रथिनं पचवण्याचं काम पुढे जठरात आणि लहान आतड्यात होतं, तोंडात नाही. त्यामुळे लाळ रक्त "पचवते" हे खरं नाही, आणि लाळ कुणाची आहे हे रक्ताला कळण्याचा तर प्रश्नच नाही. थुंकी कामी येते ती तीन गोष्टींमुळे: ती ओली असते, फार गरम नसते आणि रक्त आल्या क्षणी हाताशी असते. ठिपका मोहरीएवढा असेल तर एवढं पुरतं. शेजारी पाण्याची वाटी असती तरी हेच झालं असतं. लाळेच्या सफाईचा अभ्यास मात्र खरोखर झालेला आहे. पोर्तुगालमधल्या तिघा संशोधकांनी जुन्या सोनेरी मुलाम्याच्या मूर्ती लाळेने कितपत स्वच्छ होतात हे तपासलं, १९९० साली निष्कर्ष छापले, आणि २०१८ साली त्यांना त्याबद्दल इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळालं. पण तिथला मळ वेगळा होता, रक्त नव्हतं.

"फेस आला म्हणजे डाग निघाला"

मेडिकलमधून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड डागावर टाकलं की पांढरा फेस उसळतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, डाग उकळून बाहेर येतोय. रक्तातलं कॅटालेज हे एन्झाइम पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, तो ऑक्सिजन म्हणजे हा फेस. १८६३ मध्ये शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने याच फेसावरून रक्त ओळखण्याची चाचणी सुचवली होती. म्हणजे फेस ही रक्त असल्याची खूण आहे, ते गेल्याची नव्हे. डागाचा रंग उडतो तो पेरॉक्साइडच्या विरंजनाने, आणि तेवढ्यापुरता तो उपाय चांगला आहे. पांढऱ्या सुती कपड्यावर, थंड पाण्याने जमेल तेवढं रक्त काढल्यानंतर उरलेल्या पिवळट छटेवर वापरावा.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. दुकानात मिळणारी बाटली बहुधा ६ टक्क्यांची असते, वर "२० व्हॉल्यूम" लिहिलेलं असतं. तेवढंच पाणी मिसळलं की ती ३ टक्क्यांवर येते, आणि कपड्याला तेवढं पुरे. दुसरं, लावून कपडा तसाच वाळू देऊ नये. हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं आणि लोहाच्या संगतीत पेरॉक्साइड सुताचे धागेही कुरतडतं. पाच-दहा मिनिटांनी स्वच्छ धुवून टाकावं. रंगीत कापडावर आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून पाहावा, कारण पेरॉक्साइड रंगाला आपपर करत नाही.

क्लोरीनचा ब्लीच हा याचा थोरला भाऊ समजून वापरणारे पुष्कळ आहेत. रेशीम आणि लोकर त्याने खराब होते, सुतावरही पिवळी झाक राहू शकते. आणि न्हाणीघरात ब्लीचच्या जोडीला संडास साफ करायचं आम्ल किंवा व्हिनेगर कधीही ओतू नये. क्लोरीन वायू सुटतो, आणि तो फुप्फुसांना इजा करतो.

"धुतला तेव्हा गेला होता, वाळल्यावर परत आला"

हे गोधडीच्या, गादीच्या बाबतीत हमखास ऐकू येतं, आणि ऐकणारा हसतो. पण तक्रार खरी असते. गोधडीच्या पोटात जुन्या साड्या, धोतरं, परकर यांचे थर असतात, धावदोऱ्याने एकमेकांना धरलेले. वरून पाणी ओतलं की वरचा थर स्वच्छ दिसतो, कारण विरघळलेलं रक्त खालच्या थरांत उतरलेलं असतं. गोधडी दोरीवर पडली की पाणी वाळतं ते पृष्ठभागावरून. आतला ओलावा धाग्याधाग्यातून वर चढत येतो, सोबत रक्तही आणतो आणि ते वर सोडून स्वतः उडून जातो. संध्याकाळी काढायला जावं तर डाग तिथेच, भोवती तपकिरी कड.

म्हणून जाड वस्तूचा डाग धुण्यापेक्षा शोषून घ्यावा. डागाखाली घडी घातलेला कोरडा पंचा सरकवायचा. वरून थंड पाण्यात बुडवून पिळलेल्या बोळ्याने थोडं थोडं पाणी द्यायचं आणि दाबायचं. पंच्याची ओली बाजू बदलत राहायची. त्यावर गुलाबी छटा उमटायची थांबली की थोडा सौम्य साबण, मग पुन्हा नुसतं पाणी. शेवटी डागावर कोरडं पांढरं फडकं पसरून वर पाट आणि त्यावर जड डबा ठेवायचा. वर चढणारा शेवटचा ओलावा गोधडीऐवजी फडक्यात येतो, आणि परत येणारा डागही त्यातच. दाभण टोचून पडलेला ठिपका असो की रात्री मुलाचा घोळणा फुटलेला असो, रीत हीच.

सगळी गोधडी भिजवण्याआधी आतल्या साड्यांचा भरवसा धरू नये. लाल, डाळिंबी, जांभळ्या तुकड्यांवर ओलं पांढरं कापड मिनिटभर दाबून पाहावं. रंग लागला तर एका थेंबाच्या पायी अख्खी गोधडी रंगून निघेल. कापूस भरलेली रजई आणि गादी तर बुडवूच नये, आत गुठळ्या होतात आणि मग पिंजाऱ्याला शोधत फिरावं लागतं. तो हल्ली सहज सापडत नाही.

पैठणी, शालू, लोकरीची शाल यांचा न्याय वेगळा. हल्लीच्या बऱ्याच धुलाई पावडरींमध्ये प्रथिनं फोडणारी एन्झाइम असतात. ऑटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१३ साली जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेली एन्झाइम धुलाईत वापरायची कल्पना मांडली, तिचीच ही नातवंडं. सुती कपड्यावरच्या जुन्या डागाला यांच्यासारखं औषध नाही. कोमट पाण्यात कपडा काही तास भिजत ठेवायचा, उकळत्या पाण्यात नाही, कारण एन्झाइमही प्रथिनंच आहेत, तीही उष्णतेने निकामी होतात. पण रेशीम आणि लोकर ही देखील प्रथिनंच. पावडरीला रक्त कुठलं आणि पदर कुठला हे कळत नाही. तिथे थंड पाणी, फार तर रिठ्याचं पाणी, आणि धीर. "ड्रायक्लीनला दिलं की झालं" हाही भ्रमच. ड्रायक्लीनिंगचं द्रावण तेलकट मळ काढतं. रक्त पाण्यातलं, त्याला ते जुमानत नाही. द्यायचंच असेल तर काउंटरवर स्पष्ट सांगा की डाग रक्ताचा आहे. न सांगता दिलेली साडी गरम प्रेसखाली गेली की पुढचं सांगायला नको.

"पाळीचा डाग वेगळाच असतो, जात नाही"

पाळीच्या स्रावात रक्तच असतं, सोबत गर्भाशयाच्या अस्तराचे अंश आणि इतर स्राव. हिमोग्लोबिन तेच. उलट त्यातली गोठण्याची द्रव्यं शरीराने आधीच बरीचशी मोडलेली असतात. तरी हा डाग चिवट ठरतो, कारण तो रात्री पडतो आणि सकाळी दिसतो, आणि दिसल्यावरही बऱ्याच घरांत मुलीला तो लपवावा लागतो. सगळ्यांची कामं उरकल्यावर, अंधाऱ्या न्हाणीत, घाईघाईत धुवायचा आणि दुसऱ्या कपड्याखाली झाकून वाळवायचा. डाग चिवट होतो तो या विटाळापायी. उठल्या उठल्या, कुणाला न लाजता, थंड पाण्यात टाकलेली चादर बाकीच्या चादरींसारखीच स्वच्छ होते. पाळीचं कापड वापरणाऱ्यांनी तर ते धुऊन उन्हातच वाळवावं.

जुना डाग तपकिरी दिसतो तो हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडीकरण झाल्यामुळे. "कीड लागली", "कापड कुजलं" असलं काही झालेलं नसतं. दिल्लीत राजघाटाजवळच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अंगावर असलेलं धोतर आणि शाल जपून ठेवली आहे. त्यावरचे डाग कुणी धुतले नाहीत, धुवायचेही नव्हते. घरातला आठवडाभराचा डाग मात्र बहुधा निघतो. एकदा भिजवून न गेल्यास पुन्हा भिजवावा, मध्ये इस्त्री करू नये.

डाग दिसेनासा झाला म्हणजे रक्त संपलं, ही आणखी एक समजूत. ल्युमिनॉल नावाचं रसायन धुतलेल्या कपड्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अंशावरही अंधारात निळसर चमकू शकतं. आरोग्याच्या दृष्टीनेही दिसणं आणि असणं यांत अंतर आहे. हेपेटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान सात दिवस टिकू शकतो. दुसऱ्या कुणाचं रक्त धुताना रबरी हातमोजे घालावेत, आणि हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्याकडे द्यावं.

वरचा एकही उपाय करू नये असा एक डाग आहे. मारहाण, अत्याचार किंवा अपघाताची केस असेल तर त्या कपड्यांना पाणी लावू नका, झटकूही नका. ओले असतील तर सावलीत वाळू द्या, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत घाला (प्लास्टिकमध्ये ओल कोंडून पुरावा नासतो), आणि आहेत तसे पोलिसांच्या हवाली करा.