कर कमी झाला, मग आईचं बिल का नाही?

आजचा भाग आईच्या एका फोनमुळे झाला. मी नोकरीसाठी पुण्यात, आई चंद्रपूर जिल्ह्यात मूलला. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले, तेव्हा मीच तिला सांगितलं होतं, आता किराणा स्वस्त होणार. दिवाळीनंतर तिचा फोन आला, "बाबू, तू तं म्हणून राह्यला होता स्वस्त होणार म्हणून. मग बिल तेवढंच कसं?"

मला उत्तर देता आलं नाही. मग तिला बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला लावला आणि एकेक ओळ तपासली.

आधी दर बघू. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले. आता मुख्य टप्पे दोनच, ५ आणि १८. अंगाचा साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं १८ वरून ५ वर आली. तूप-लोणी १२ वरून ५ वर. शाळेच्या वह्यांवरचा कर तर शून्य झाला.

आता गंमत बघा. १८ चे ५ झाले म्हणजे १३ टक्के स्वस्त, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. १०० रुपयांची वस्तू आधी करासकट ११८ ला पडायची, आता १०५ ला. म्हणजे ११८ मागे १३ रुपये कमी, साधारण ११ टक्के. आईच्या ३ हजारांच्या बिलात अशा वस्तू होत्या ७०० रुपयांच्या. वाचले ७७ रुपये.

बाकीचं काय? सुटा तांदूळ, भाजी, मीठ यांच्यावर आधीही कर नव्हता. खाद्यतेल, साखर, चहा, पाकीटबंद डाळ आधीही ५ टक्क्यांत होती, आताही तिथंच आहे. कपडे धुवायची पावडर १८ वरच राहिली. पेट्रोल-डिझेल तर जीएसटीत येतच नाही, त्यामुळे बाजाराला जायचा खर्च तोच. तेलाचा भाव थोडा चढला की ते ७७ रुपये तिथेच संपले. आईचं खरं होतं.

आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा? त्याची किंमत साडेचार रुपये करणं कंपनीला अवघड जातं, म्हणून ती पुड्यातलं वजन वाढवू शकते. तो फायदा बिलात दिसत नाही, पुड्यावरचं वजन वाचावं लागतं.

आता माझी बाजू सांगतो. १ फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा आयकर माफ झाला, पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत. ज्याचं करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख, त्याचे वर्षाला ८० हजार वाचले. म्हणजे माझ्यासारख्याला हजारांत, आईला ७७ रुपये.

आणि माझ्या आत्याला? ती गडचिरोलीत कुरखेड्याकडे राहते. आयकर तिला लागूच नाही. रेशनचा तांदूळ फुकट मिळतो, भाजी परसातली, मोहफूल जंगलातलं. ज्या घरात कर लागणारी खरेदीच कमी, तिथे करकपात पोचणार कशी? सवलत मिळायला आधी खर्च करावा लागतो, हे यातलं कळीचं गणित आहे.

पण आत्याच्या कामाची एक ओळ त्या यादीत होती. तेंदूपत्त्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन ती पानं तोडते, सावलीत बसून पुडके बांधते. मग तिला १३ टक्के जास्त मिळणार का? आपोआप नाही. ठेकेदार भरलेला कर पुढे वळता करून घेऊ शकतो, त्यामुळे हा पूर्ण १३ टक्क्यांचा नफा त्याचाही नाही. पण त्याचे आधी करात अडकणारे पैसे आता कमी अडकतात. गडचिरोलीत अनेक ग्रामसभा पेसा आणि वनहक्क कायद्याच्या आधारे स्वतः तेंदूपत्ता विकतात. भाव ठरवताना "कर कमी झाला, आमच्या दरात काय आलं?" हे तिथे कुणीतरी विचारायला हवं. नाही विचारलं तर फरक वरच राहील.

घर बांधत असाल तर सिमेंटही बघा. २८ चे १८ झाले, म्हणजे ३५० च्या पोत्यामागे साधारण २७ रुपये. सिमेंट आपल्याच गडचांदूर, आवारपूरला बनतं, पण आपल्या दुकानात भाव किती उतरला हे पावतीवरच कळेल.

तर मंडळी, दोन कामं करा. घरातलं जुनं-नवं बिल शेजारी ठेवा आणि १८ वरून ५ वर आलेल्या वस्तूची जुनी किंमत ०.८९ ने गुणा. जेवढं येईल, त्याच्या आसपास नवा भाव हवा. फारच फरक असेल तर आधी दुकानदाराला विचारा, तरी पटलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

आईला मी ७७ चा हिशेब सांगितला. ती म्हणाली, "मग तुझे वाचले ते पाठव." पाठवले. भेटू पुढच्या भागात!