जागतिकीकरण, मानव्यविद्या आणि सोलापूर

- जागतिकीकरण : वस्तू, भांडवल, माणसे आणि विचार यांची देशोदेशींतील वाढती देवाणघेवाण. भारतात १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर वेग.
- मानव्यविद्या : इतिहास, भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान. अर्थशास्त्र व समाजशास्त्र ही सामाजिक शास्त्रे.
- इतिहास : ‘जुनी गिरणी’ ही सोलापुरातील कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू, त्यातून सोलापूर कापडाच्या मोठ्या बाजारपेठेशी जोडले गेले.
- भाषा : सोलापुरात मराठी, कन्नड, उर्दू, तर पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू.
- चित्रपट : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासह चीनला गेले. १९४२ मध्ये तेथेच निधन. त्यांच्यावरील व्ही. शांताराम यांचा चित्रपट १९४६ चा.
- आजची ओळख : सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे.