चाकांवरचे घर, चाकांवरचा धंदा
अमेरिकेतील फिरत्या कारागिरांच्या दुनियेचा एक फेरफटका

दुकान एका जागी असावे, वर नावाची पाटी असावी आणि गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत यावे, ही धंद्याची रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. परंतु त्याहून जुनी रीत म्हणजे गिऱ्हाईक असेल तिथे आपण जाणे. पिंजारी धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव फिरला, कल्हईवाल्याने चौकाचौकात भाता मांडला, शिकलगाराने धार लावण्याचे चाक पाठीवर वाहिले आणि मनियाराने एका उरुसाहून दुसऱ्या उरुसाला जात वर्षाचा हिशोब जुळवला. आपल्याकडे ही रीत मागे पडत असताना अमेरिकेसारख्या श्रीमंत मुलखात मात्र हजारो माणसे राहते घर विकून चाकांवरच्या घरात राहायला जातात, वाटेत हाताने वस्तू बनवतात, विकतात, देश पाहतात आणि दोस्त जोडतात. हा शौक आहे, धंदा आहे की मजबुरी? आम्ही या लेखात तिन्ही बाजू वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गाडी म्हणजे काय?

या चाकांवरच्या घराला तिकडे आर.व्ही. म्हणतात. तिचे दोन मुख्य प्रकार. एक, ज्यात इंजिन आणि घर एकच असते, म्हणजे मोटर-होम. दुसरा, जो पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढतात, तो ट्रेलर. आत पलंग, चूल, फ्रिज, संडास-न्हाणीघर सर्व काही असते. पोटात तीन टाक्या असतात. एक ताज्या पाण्याची, दुसरी धुण्या-भांड्याच्या पाण्याची आणि तिसरी मैल्याची. शेवटच्या दोन टाक्या ठरवून दिलेल्या जागीच रिकाम्या कराव्या लागतात. वीज बॅटरी, सौर पत्रे किंवा जनरेटरमधून येते, नाहीतर भाड्याच्या तळावरच्या खांबावरून घेतात.

ही चाल आजची नव्हे. फ्लोरिडातील टँपा शहरात 1919 साली अशा भटक्यांची 'टिन कॅन टुरिस्ट' नावाची संघटना निघाली. डबाबंद अन्नावर दिवस काढणारे म्हणून हे नाव पडले. पुढे एअरस्ट्रीम या चकचकीत अॅल्युमिनियमच्या ट्रेलरचा जनक वॅली बायम याने 1959-60 साली केपटाऊनपासून कैरोपर्यंत ट्रेलरांचा काफिला नेला. आज अमेरिकेतील बहुतेक आर.व्ही. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट या भागात बनतात. हा उद्योग मोठा लहरी आहे. कोरोनाच्या काळात लोकांना हॉटेल आणि विमान नकोसे झाले, तेव्हा 2021 साली कारखान्यांतून 6,00,240 गाड्या बाहेर पडल्या. 2023 साली हाच आकडा 3,13,174 वर आला. तेजीत कारखाना वाढविणाऱ्याने मंदीचा विचार आधी करावा, हा धडा सर्वच व्यापाऱ्यांना लागू आहे.

वजनावर तोललेला हुनर

अशा घरात राहणाऱ्या कारागिराची पहिली अडचण जागेची, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात ती वजनाची असते. प्रत्येक गाडीवर ती किती ओझे वाहू शकते याची पट्टी लावलेली असते. साठ गॅलनची पाण्याची टाकी भरली की सव्वादोनशे किलो तिथेच संपतात. त्यात माणसे, कपडे, भांडी आणि मग उरले तर हत्यारे. मर्यादेपलीकडे ओझे भरले की टायर फुटतो, ब्रेक लागत नाही. म्हणून फिरता कारागीर आपला हुनर वजनाच्या काट्यावर निवडतो. मण्यांच्या माळा, तारेचे दागिने, विणकाम, चामड्याचे पट्टे-पाकिटे, छोटे लाकूडकाम हे चालते. चिनी मातीची भांडी आणि काच रस्त्याच्या धक्क्यांत टिकवणे कठीण.

याचे उत्तम उदाहरण शिलाई मशीनचे. सिंगर कंपनीने 1933 साली 'फेदरवेट' नावाचे मॉडेल बाजारात आणले. वजन जेमतेम पाच किलो. त्याचे उत्पादन थांबून अनेक दशके झाली, तरी गाडीत राहणाऱ्या क्विल्ट शिवणाऱ्या बाया ते शोधून, दुरुस्त करून आजही वापरतात. क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीची सख्खी बहीण. चिंध्यांचे तुकडे एका मुक्कामी कापायचे, दुसऱ्या मुक्कामी जोडायचे, तिसऱ्या मुक्कामी टाके घालायचे. जेवणाचे टेबल हेच कारखाना. केंटकी राज्यातील पदुका या गावाने तर या गोधडीवर नाव कमावले आहे. तिथे राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय आहे, दरवर्षी मोठे प्रदर्शन भरते आणि युनेस्कोने 2013 साली या गावाला हस्तकलेचे शहर म्हणून मान दिला. गोधडीसारख्या घरगुती कामावर एका नदीकाठच्या गावाची हॉटेले, दुकाने आणि गाड्यांचे तळ चालतात, ही गोष्ट आपल्या कारागिरांनी ध्यानात घ्यावी.

अवजड यंत्रे लागणाऱ्या कामासाठी वेगळी सोय आहे. अॅरिझोना आणि टेक्सासमधील हिवाळी तळांवर सामायिक कार्यशाळा असतात. दगड कापण्याची व घासण्याची यंत्रे, सुतारकामाची यंत्रे, चांदीकामाचे टेबल एकत्र ठेवलेले असते. सभासदाने थोडी फी भरायची आणि पाळीने काम करायचे. शिकवणारेही बहुधा सभासदच असतात. कुणी निवृत्त लोहार, कुणी सोनार. एकेका कारागिराला न परवडणारे यंत्र दहाजणांनी मिळून घ्यावे, ही कल्पना आपल्या मोहल्ल्यांतही अमलात आणण्यासारखी आहे.

वाळवंटातला बाजार

या दुनियेची हिवाळी राजधानी म्हणजे अॅरिझोनातील क्वार्टझसाइट. 2020 च्या शिरगणतीत या गावाची लोकसंख्या 2,413 भरली. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि गाव ओस पडते. पण हिवाळ्यात, विशेषतः जानेवारीत, लाखो लोक येथे येऊन जातात. गावाच्या दक्षिणेला सरकारी वाळवंटी जमीन आहे. तिथे 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा सात महिने मुक्काम करण्याचा परवाना मिळतो आणि त्याची फी बरीच वर्षे अवघी 180 डॉलर होती. इतर सरकारी मोकळ्या जमिनीवर साधारणपणे चौदा दिवस फुकट राहता येते, नंतर तळ हलवावा लागतो.

येथे 1967 सालापासून रत्ने, खडे आणि खनिजांचा मेळा भरतो. तंबू, टेबले आणि गाड्यांच्या छपराखाली दगड, माळा, चाकू, कातडी सामान, जुनी हत्यारे यांची खरेदी-विक्री चालते. तिथून इंटरस्टेट 10 हा महामार्ग धरला की ट्यूसॉन शहर लागते. तेथील रत्न-खनिज प्रदर्शन 1955 साली सुरू झाले आणि आज जगातील अशा मोठ्या बाजारांत त्याची गणना होते. जानेवारीत क्वार्टझसाइट, फेब्रुवारीत ट्यूसॉन असा फिरत्या विक्रेत्यांचा क्रमच ठरलेला आहे.

आणि येथेच आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो. नाशिक, जळगाव, पुणे या भागांतील काळ्या दगडाच्या खाणींत आणि विहिरी खणताना अपोफिलाइट, स्टिल्बाइट असे स्फटिक सापडतात. पुण्याजवळच्या वाघोलीचे निळेशार कॅव्हान्साइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. हा माल ट्यूसॉनच्या टेबलांवर मानाने मांडला जातो. खंबायतचा अकीक आणि जयपूरचे खडेही तिथे पोहोचतात. खाणीवरच्या मजुराच्या हाती पडणारी रक्कम आणि तिकडच्या टेबलावरची किमतीची चिठ्ठी यांत केवढे अंतर आहे, याचा विचार या धंद्यातील आपल्या लोकांनी जरूर करावा. स्फटिक न मोडता काढणे, स्वच्छ करणे, खाणीचे नाव लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवणे एवढ्यानेही दर बदलतो, कारण तिकडचा शौकीन दगडाइतकीच त्याच्या गावाचीही किंमत मोजतो.

हाजी अलीचा पिरॅमिड

क्वार्टझसाइटच्या कब्रस्तानात दगडी पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर तांब्याचा उंट. ही कबर हाजी अलीची. मुंबईच्या हाजीअलीशी या नावाचा संबंध नाही. हा उस्मानी सल्तनतीतला उंटवाला. अमेरिकन लष्कराला वाळवंटात सामान वाहण्यासाठी उंट हवे होते. 1856 साली टेक्साससच्या किनाऱ्यावर उंटांची पहिली खेप उतरली आणि त्यांच्याबरोबर हा गृहस्थही आला. 1857 साली एडवर्ड बील याने पश्चिमेकडे रस्त्याची पाहणी केली, तेव्हा उंटांनी आपले काम चोख केले. पुढे यादवी युद्ध झाले, रेल्वे आली आणि उंटांची योजना बारगळली. हाजी अलीने काही काळ स्वतःचे उंट ठेवून मालवाहतूक केली, नंतर खाणी धुंडाळल्या आणि 1902 साली तो तिथेच मरण पावला. अमेरिकनांना त्याचे नाव नीट उच्चारता येईना, त्यांनी त्याचे 'हाय जॉली' करून टाकले. 1935 साली राज्याच्या महामार्ग खात्याने त्याचे स्मारक उभारले. रस्त्यावर जगणाऱ्यांच्या या गावात सर्वात मानाची कबर एका मुसलमान उंटवाल्याची आहे, हे आमच्या वाचकांना कळावे म्हणून हा मजकूर दिला.

दोस्ती आणि भ्रमंती

या लोकांची सकाळ कामात जाते आणि संध्याकाळी खुर्च्यांचे कोंडाळे जमते. कुणी भाजी आणतो, कुणी रोटी, सगळे मिळून जेवतात. एकाची बॅटरी बिघडली तर दुसरा हत्यारे घेऊन येतो. निरोप घेताना कायमचा निरोप कुणी घेत नाही, पुढच्या रस्त्यावर भेटू असे म्हणतात आणि पुढच्या हंगामात खरोखर भेटतात. 1978 साली जो आणि के पीटरसन या दांपत्याने 'एस्केपीज' नावाचा क्लब काढला. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे त्याचा तळ असून सभासदांची टपाले तिथे येतात आणि ते जिथे असतील तिथे पाठविली जातात. आजारी व थकलेल्या सभासदांना आपल्याच गाडीत राहून सेवा मिळावी म्हणून क्लबने केंद्रही उभारले.

देश पाहण्याचीही चंगळ असते. बासष्ट वर्षांवरील नागरिकाला राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात पास मिळतो. तो पूर्वी 10 डॉलरला मिळे, ऑगस्ट 2017 पासून 80 डॉलर झाला. परंतु मोठी गाडी सगळीकडे जात नाही. ग्लेशियर उद्यानातील डोंगरी रस्त्याच्या मुख्य भागावर 21 फुटांहून लांब वाहनाला मनाई आहे. म्हणून मोठी गाडी तळावर ठेवून छोट्या गाडीने फिरतात.

हिशोबाची बाजू

आता रोकड्या गोष्टी. नवी गाडी दुकानाबाहेर पडताच तिची किंमत उतरते, घराप्रमाणे ती वाढत नाही. दहा ते वीस वर्षांचे कर्ज काढून घेतलेल्या गाडीवर पुढे गाडीच्या किमतीपेक्षा देणेच जास्त उरते. इंधन, टायर, दुरुस्ती हा खर्च मालाच्या विक्रीतून निघेलच असे नाही. म्हणून बहुतेकजण पेन्शनला जोड म्हणून हुनर करतात, केवळ त्यावर विसंबत नाहीत.

कायद्याचीही कटकट आहे. प्रत्येक राज्याचा विक्रीकर निराळा, त्यामुळे मेळ्यात टेबल मांडण्यापूर्वी त्या राज्याचा परवाना लागतो. कायमचा पत्ता कुठला द्यायचा हाही प्रश्न. ज्या राज्यांत राज्याचा आयकर नाही, अशा टेक्सास, फ्लोरिडा आणि साऊथ डकोटा यांना लोक पसंती देतात. मूळ रहिवासी जमातींचे काम म्हणून नकली दागिना विकला तर 1990 च्या कायद्याखाली एका माणसाला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कारागिराच्या नावाची चोरी हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे.

आणि शेवटी मजबुरीची बाजू. 2008 च्या आर्थिक पडझडीत अनेकांची घरे आणि बचत गेली. त्यांनी जुनी व्हॅन घेतली आणि कामाच्या मागे फिरू लागले. शरद ऋतूत मिनेसोटा व नॉर्थ डकोटात बीटाचा हंगाम असतो, साखर कारखान्यांसाठी बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात आणि गाड्यांत राहणारी साठी उलटलेली माणसेही तिथे राबतात. ऊसतोडणीला जाणारे बिऱ्हाड पाहिलेल्या मराठी वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. जेसिका ब्रुडर या पत्रकार बाईने 2017 साली 'नोमॅडलँड' या पुस्तकात या लोकांचे जिणे मांडले. त्यावरच्या चित्रपटाला 2021 साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले.

तेव्हा एकाच वाळवंटात शेजारी-शेजारी दोन गाड्या उभ्या असतात. एकात निवृत्तीचा आनंद आणि दुसऱ्यात गेलेल्या घराचे दुःख. दोन्हींच्या बाहेर टेबल मांडलेले असते. गिऱ्हाईक मात्र माल पाहते, कहाणी पाहत नाही. माल हलका, टिकाऊ, वेगळा आणि खऱ्या नावाने विकलेला असेल तर तो दोन्ही टेबलांवर खपतो. घर राहिले नाही तरी हातातील हुनर माणसाला उभे करू शकतो, पण आजारपणाची आणि म्हातारपणाची तरतूद हुनराने आपोआप होत नाही. ती कमाईच्या दिवसांतच वेगळी काढून ठेवावी लागते. आमच्या कारागीर बांधवांनी, मग ते गाडीवर माल विकोत की गाळ्यात, या दोन्ही गोष्टींचा हिशोब एकाच वहीत मांडावा, एवढेच आमचे सांगणे आहे.