गाडीची बॅटरी रातोरात का उतरते?

जुनी मोटार घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखी सांभाळावी लागते. इस्लामपुरात अजूनही दारापुढं मारुती ८०० दिसते. ही गाडी १९८३ साली रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे त्यातली धाकटीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची! आठवडाभर ती उभी असते. रविवारी जोतिबाला निघावं, किंवा रात्री-अपरात्री सासूबाईंना मिरजेला दवाखान्यात न्यावं, तर सेल्फ नुसता ‘टक्’ करतो. मग धक्का, शेजाऱ्यांची झोपमोड आणि दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच!

मैत्रिणींनो, नळ गळून टाकी रिकामी होत असेल तर आपण नवी टाकी आणतो का? आधी नळ बघतो. इथंही तसंच करायचं.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

बॅटरी पूर्ण चार्ज करून आणा. रात्री वजा खुणेची (-) वायर सोडवून ठेवा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. सकाळी वायर जोडल्यावर गाडी झटक्यात सुरू झाली, तर बॅटरी ठणठणीत आहे, गळती गाडीत आहे. वायर सोडवूनही बॅटरी उतरली, तर मात्र बॅटरीच म्हातारी झाली.

हात लावण्यापूर्वी पाटल्या, बांगड्या, अंगठी काढून ठेवा, मंगळसूत्र आत सारा. सोनं-चांदी बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकदम टेकलं तर क्षणात तापून भाजतं. जवळ काडी पेटवू नका. अ‍ॅसिडच्या थेंबानं साडीला भोकं पडतात, तेव्हा जुनंच लुगडं बरं.

गळती मोजायची कशी?

वीजसामानाच्या दुकानात साधा मल्टिमीटर मिळतो. किल्ली काढा, दिवे, पंखा, टेप सगळं बंद करा. दार उघडं ठेवावं लागेल, तेव्हा चौकटीतलं बटण चिकटपट्टीनं दाबून बसवा, नाहीतर आतला दिवा जळत राहील. वजा वायर सोडवा. मीटर १० अँपिअरवर ठेवून त्याची लाल तार सुटलेल्या वायरला आणि काळी बॅटरीच्या वजा टोकाला लावा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, दिवे लावायचे नाहीत. मीटरचा फ्यूज जाईल.

दोन-चार मिनिटांनी आकडा बघा. ०.०५ च्या आत असेल तर काळजी नको. घड्याळालाही थोडी वीज लागतेच. पण ०.४ आला, तर कुठंतरी ५ वॉटचा दिवा जळतोय असं समजा. लहान मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्यानं साडेतीन दिवसांत पार रिकामी होते. सेल्फ तर त्याच्या बराच आधी हात टेकतो.

चोर कुठं लपतो?

आता ‘ह्यांना’ डॅशबोर्डखाली फ्यूज काढायला बसवा आणि आपण मीटरवर नजर ठेवा. एकेक फ्यूज काढायचा, आकडा बघायचा, परत बसवायचा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली आला, त्याच वाटेवर चोर! बहुधा तो डिकीचा दिवा असतो, नाहीतर नंतर बसवलेला टेप किंवा अलार्म. ब्रेकचं बटण अडकून मागचा लाल दिवा जळत राहिलेलाही असतो. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर अल्टरनेटरकडे बोट दाखवा. त्यातला डायोड बिघडला की उलटी वीज वाहते. ते काम मेस्त्रीचंच.

बॅटरीची पाठही बघा. धुळीत अ‍ॅसिडचा ओलावा मुरला की तिथूनही वीज झिरपते. वायरी सोडवून, खायच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यानं पुसा, मग कोरडी करा. सोड्याचं पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका. वायरी जोडताना वजा वायर नेहमी शेवटी.

मेस्त्रीकडे जाताना नुसतं ‘बॅटरी उतरते’ म्हणू नका. ‘अमुक फ्यूज काढला की गळती थांबते’ असं सांगा. त्याचा अर्धा दिवस वाचेल, आपले नव्या बॅटरीचे पैसे वाचतील आणि अडीअडचणीच्या रात्री गाडी दगा देणार नाही.