कच्चा लिंबू : अभ्यासांत अडखळणारीं मुलें आणि सहकारी खेळ

अंगणांतल्या खेळांत ‘कच्चा लिंबू’ नांवाची एक जुनी सोय आहे. घरांतलें धाकटें भावंड, अथवा ज्याला धड पळतां येत नाहीं असा एखादा मुलगा खेळावयास आला, म्हणजे मोठीं मुलें त्याला हांकलून देत नाहींत. तो खेळांत असतो. पण त्याच्यावर राज्य येत नाहीं, आणि तो बाद झाला तरी तें बाद होणें मोजलें जात नाहीं. धाकट्या भावंडापुरती ही सोय मायेची आहे, कारण वर्षा-दोन वर्षांत तें मोठें होतें आणि पक्क्या भिडूंत जाऊन बसतें. परंतु पुष्कळ शाळांत एखादें मूल असें आढळतें कीं, तें दहा-बारा वर्षांचें झालें तरी कच्चा लिंबूच राहतें. पुढें पुढें त्याला खेळावयास बोलावण्याचेंही इतर मुलांच्या मनांत येत नाहीं. असें मूल बहुधा वर्गांतही मागें पडलेलें असतें. आणि घरचीं माणसें त्याच्या गुणपत्रकाची जेवढी काळजी वाहतात, तेवढी त्याच्या एकटेपणाची वाहत नाहींत. वास्तविक हीं दोन्ही दुःखें एकाच मुळाचीं असूं शकतात, आणि दुसऱ्यावर घरीं व शाळेंत करतां येण्याजोगा उपाय आहे.

अभ्यासांत मागें पडण्याचीं कारणें अनेक आहेत. कोणाची दृष्टि अधू असते, कोणाला नीट ऐकूं येत नाहीं, कोणाच्या बुद्धीची वाढच मंद असते. याखेरीज एक वर्ग असा आहे कीं, डोळे, कान आणि सामान्य बुद्धि हीं शाबूत असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांपैकीं एखाद्या गोष्टींत मूल अडून बसतें. सन 1896 मध्यें प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरानें ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें पर्सी नांवाच्या 14 वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, खेळांत बरोबरीच्या मुलांहून कमी नव्हता. मात्र लिहिलेला शब्द त्याला उमगत नसे. सारें शिक्षण तोंडी असतें, तर हा शाळेंतला सर्वांत हुशार विद्यार्थी ठरला असता, असें त्याच्या शिक्षकाचें मत पडलें. पुढें 1963 मध्यें सॅम्युएल कर्क या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानें अशा अडचणींना जें नांव रूढ केलें, त्यालाच मराठींत ‘अध्ययन अक्षमता’ असें म्हणतात. अशा मुलाचा ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत घोटाळा होतो. वेलांटी ऱ्हस्व कीं दीर्घ हें ध्यानांत राहत नाहीं. जोडाक्षर आलें कीं गाडें थांबतें. महाराष्ट्रांत शालान्त परीक्षेंत अशा विद्यार्थ्यांना सवलती देण्याची सुरुवात 1996 मध्यें झाली, आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयींच्या 2016 च्या कायद्यानें जे 21 प्रकार मान्य केले, त्यांत या अडचणीचा समावेश झाला. त्यापूर्वींच्या 1995 च्या कायद्यांत तिचें नांव नव्हतें.

यवतमाळ जिल्ह्यांत या प्रश्नाचा विचार करतांना एक सावधगिरी अवश्य आहे. या जिल्ह्याच्या 16 तालुक्यांत सर्व घरांची भाषा एक नाहीं. कोलामांच्या पोडावर कोलामी बोलली जाते, गोंडांच्या घरीं गोंडी, बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी. कोलामी व गोंडी या तर द्राविड कुळांतल्या भाषा. मराठीशीं त्यांचें नातें शेजाराचें आहे, कुळाचें नाहीं. केळापूर किंवा झरी-जामणी तालुक्यांतल्या पोडावरचें सहा वर्षांचें मूल मराठी पुस्तकापुढें गप्प बसलें, तर तो त्याच्या बुद्धीचा किंवा वाचनशक्तीचा दोष समजणें हा अन्याय होय. घरच्या भाषेंतली गोष्ट तें भरभर सांगत असेल आणि घरच्या भाषेंतला खेळ चटकन् शिकत असेल, तर आधीं त्याला मराठी शिकवावयाची आहे हें ओळखावें. उलट, शहरांतल्या सुशिक्षित मराठी घरांतलें मूल पुस्तकांच्या कपाटाजवळ वाढूनही अक्षराशीं झगडत असेल, तर त्याला ‘आळशी’ म्हणून मोकळें होणें हाही अन्यायच. दोन्ही मुलें एकाच वर्गांत बसतात, दोन्ही गप्प असतात, आणि दोघांनाही मधल्या सुटींत कोणी बोलावीत नाहीं.

अक्षरांशीं झगडणारें मूल मित्रांतही कां अडखळावें, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचीं कारणें दोन प्रकारचीं आहेत. पहिलें मुलाच्या ठायीं असतें. कांहीं मुलांना भरभर बोललेलें चटकन् उमगत नाहीं. थट्टा कोणती आणि राग कोणता हें ओळखतां येत नाहीं. चार नियम एकदम सांगितले तर पहिला विसरतो. आपली पाळी येईपर्यंत धीर धरवत नाहीं. दुसरें कारण इतरांच्या ठायीं असतें. वर्गांत ज्याला रोज उभें राहून बोलणीं खावीं लागतात, त्याच्याविषयीं सोबत्यांचें मत आधींच बनलेलें असतें. टॅनिस ब्रायन या अमेरिकन संशोधिकेनें 1974 मध्यें दाखवून दिलें कीं, अशीं मुलें वर्गसोबत्यांकडून इतरांपेक्षां अधिक वेळां नाकारलीं जातात. 1996 मध्यें कॅव्हेल व फॉर्नेस यांनीं 152 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हां अशा मुलांपैकीं सुमारें 75 टक्के मुलांत मिळून-मिसळून वागण्याच्या कौशल्याची उणीव दिसली. सर्वांतच नाहीं, ही गोष्टही तितकीच लक्षांत ठेवावयास हवी.

यावर पहिला उपाय सुचतो तो शिकवणीचा : मुलाला वेगळें बसवून ‘असें बोलावें, असें वागावें’ याचे धडे द्यावे. अशा धड्यांचाही याच दोघां संशोधकांनीं आढावा घेतला, आणि त्यांचा परिणाम थोडाच होतो असें आढळून आलें. याचें नवल वाटावयास नको. पोहण्याचे नियम खोलींत पाठ करून कोणी पोहूं लागत नाहीं. शिवाय मुलगा जरी शिकला, तरी त्याला नाकारणारा वर्ग कांहींच शिकलेला नसतो. म्हणून ज्या जागीं मूल नाकारलें जातें, त्याच जागीं, त्याच सोबत्यांबरोबर सराव झाला पाहिजे; आणि मुलांच्या जगांत ती जागा म्हणजे खेळाचें अंगण होय.

मुलें आपोआप एकत्र खेळूं लागत नाहींत. मिल्ड्रेड पार्टेन या संशोधिकेनें 1932 मध्यें लहान मुलांच्या खेळाच्या पायऱ्या वर्णन केल्या. मूल आधीं एकटें खेळतें, मग दुसऱ्याचा खेळ पाहत उभें राहतें, मग शेजारीं बसून आपलाच खेळ खेळतें, मग देवघेव करतें, आणि शेवटीं एका ठरलेल्या हेतूसाठीं कामें वांटून घेऊन इतरांबरोबर खेळतें. या शेवटच्या पायरीला सहकारी खेळ म्हणतात. अध्ययनांत अडखळणारें मूल पुष्कळदां दुसऱ्या पायरीवर, म्हणजे कडेला उभें राहून पाहण्यावरच, अडकलेलें असतें. ‘जा, खेळ त्यांच्यांत’ असें म्हणून त्याला एकदम पांचव्या पायरीवर ढकलूं नये.

नुसतें एकत्र आणणें पुरत नाहीं, हें दाखविणारा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. 1954 मध्यें अमेरिकेंतील ओक्लाहोमा प्रांतांत मुझफर शेरीफ यानें 22 मुलांचे दोन गट एका शिबिरांत ठेवले. सामने सुरू होतांच दोन्ही गटांत हाडवैर जडलें. एकत्र जेवावयास बसविलें तर अन्नाची फेकाफेक झाली. वैर निवळूं लागलें तें शिबिराचें पाणी बंद पडलें आणि मोटार अडून बसली तेव्हां. ज्या दोरानें रस्सीखेच खेळले, त्याच दोरानें दोन्ही गटांनीं मिळून मोटार ओढली. या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढें आक्षेप घेतले गेले. तरीही एवढें तात्पर्य व्यवहारांत पटण्याजोगें आहे कीं, सर्वांचा हेतु एक असावा आणि तो प्रत्येकाच्या हातभाराखेरीज साधूं नये. ज्याच्यावांचून अडतें, त्याला कच्चा लिंबू म्हणतां येत नाहीं.

आतां आपल्या अंगणांतल्या खेळांकडे या दृष्टीनें पाहावें. ज्या खेळांत चुकणारा बाद होऊन बाहेर बसतो, त्यांत सरावाची सर्वांत अधिक गरज असलेलें मूल सर्वांत आधीं बाहेर जातें. याच्या उलट ‘साखळी’ हा खेळ पाहा. त्यांत जो पकडला जातो तो पकडणाऱ्याचा हात धरतो, आणि पुढें दोघांनीं मिळून, मग तिघांनीं, चौघांनीं मिळून पळावयाचें असतें. एकानें हिसका दिला तर साखळी तुटते. म्हणून वेगवान मुलालाही मंद मुलाच्या पावलाकडे लक्ष द्यावें लागतें. लगोरीही थोडी बदलून घेतां येते. दोन पक्ष न करतां सर्वांचा एकच पक्ष करावा. सात चकत्या पाडून त्या पुन्हां रचावयाच्या, मात्र एका भिडूनें एका वेळीं एकच चकती ठेवावयाची आणि ठरलेली मोजणी संपण्याच्या आंत काम पुरें करावयाचें. ज्याला अक्षरें लागत नाहींत त्याचा हात कित्येकदां स्थिर असतो, आणि ही गोष्ट सोबत्यांना येथें प्रथमच दिसते. तिसरा खेळ जुन्या चादरीचा. सहा मुलांनीं चादरीच्या कडा धरून मधला चेंडू वर उडवावा व पुन्हां झेलावा. एकानें जोरानें ओढलें कीं चेंडू खालीं पडतो. आपल्या जोराचा परिणाम मुलाला उपदेशावांचून दिसतो.

खो-खो हा तर विचार करण्याजोगा खेळ आहे. एका पक्षाचे 9 भिडू मैदानांत असतात; 8 जण एकाआड एक उलट दिशांना तोंडें करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. बसलेल्यानें खो मिळाल्यावांचून उठावयाचें नाहीं, आणि मिळतांच क्षणाचा विलंब लावावयाचा नाहीं. धीर धरणें, सावध राहणें व आपलें काम दुसऱ्याच्या हातीं सोपविणें, या तिन्ही गोष्टींचा यांत सराव होतो. मात्र डाव्या-उजव्याचा गोंधळ होणाऱ्या मुलाला दिशेचा नियम जड जातो. त्याला आरंभीं प्रतिपक्षावांचून, नुसतें खो देण्या-घेण्याचें शिकवावें, आणि मग सामन्यांत घ्यावें.

विदर्भाच्या सणांतही अशा खेळाला आयती जागा आहे. कोजागिरीच्या सुमारास मुली भुलाबाईचीं गाणीं म्हणतात, आणि शेवटीं डबा वाजवून आंतला खाऊ ओळखावयाचा असतो. येथें कोणी बाद होत नाहीं. गाण्याचे शब्द पाठ नसले तरी टाळी, टिपरी व ध्रुपद यांत सहभागी होतां येतें. डब्याच्या आवाजावरून तर्क करण्यास वाचावें लागत नाहीं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशींच्या तान्ह्या पोळ्यांत मुलें लांकडी बैल सजवून घरोघर जातात. त्या वेळीं बैल सजविण्याचें काम दोघांत मिळून दिलें, तर मैत्रीला एक निमित्त सहज मिळतें.

खेळ चालविणाऱ्या मोठ्या माणसानें कांहीं गोष्टी पाळाव्यात. गट चार ते सहा मुलांचा असावा, आणि कांहीं आठवडे तोच ठेवावा. त्यांत अडखळणारें मूल एखादें-दुसरेंच असावें. सारीं दुबळीं मुलें एकत्र केलीं तर तो पुन्हां वेगळा वर्गच झाला. नियम तोंडानें सांगण्याऐवजीं करून दाखवावा, आणि एका वेळीं एकच दाखवावा. पाळी ज्याची असेल त्याच्या हातीं एखादा खडा किंवा रुमाल द्यावा, म्हणजे थांबणें डोळ्यांना दिसतें. कामें आळीपाळीनें बदलावीं; नाहीं तर तेंच मूल रोज चेंडू वेंचून आणीत राहतें. खेळ 15-20 मिनिटांत, मुलें कंटाळण्यापूर्वीं, थांबवावा, आणि मग दोन मिनिटें बसून विचारावें, ‘चेंडू केव्हां पडला? कोणीं काय केलें म्हणून तो टिकला?’ शाबासकी देतांना ‘छान’ एवढ्यानें भागवूं नये. ‘तूं थांबलास, म्हणून साखळी तुटली नाहीं’ असें नेमकें सांगावें. तें वाक्य इतरांच्याही कानावर पडतें, आणि सोबत्यांचें मत बदलण्यास तेथूनच आरंभ होतो.

घरीं आईबापांनीं दहा मुलें गोळा करण्याच्या भरीस पडूं नये. शेजारचें एक शांत मूल, एक ठरलेला खेळ आणि अर्ध्या तासाची वेळ एवढें पुरे. कॅरम जोडीनें खेळावा. दोघांना मिळून एखादी रांगोळी भरावयास द्यावी. मोठ्या भावाला ‘त्याला मुद्दाम जिंकूं दे’ असें सांगूं नये. मुलाला ती दया लगेच कळते, आणि तिचा सल पराभवापेक्षां अधिक राहतो.

खेळानें वाचनाची अडचण दूर होत नाहीं, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. वाचन, लेखन व गणित यांसाठीं पायरीपायरीनें वेगळें शिकवावें लागतें. प्रथम डोळे व कान तपासून घ्यावे लागतात. मग जाणत्या तज्ज्ञाकडून परीक्षा करवून, आवश्यक तर प्रमाणपत्र मिळवून, शाळेंतल्या सवलती घ्याव्या लागतात. मूल मारहाणीला बळी पडत असेल किंवा शाळेच्या नांवानेंच थरथरत असेल, तर खेळाची वाट न पाहतां शिक्षकांशीं व डॉक्टरांशीं बोलावें. फळही एका आठवड्यांत दिसावयाचें नाहीं. निदान एक सत्रभर तोच गट, त्याच वेळीं, खेळत राहावा. मूल किती वेळां जिंकलें याचा हिशेब ठेवण्याचें कारण नाहीं. शिक्षकांनीं मधल्या सुटींत दूर उभें राहून एवढेंच पाहावें कीं, कोणीं न सांगतां दुसऱ्या एखाद्या मुलानें त्याला नांवानें हांक मारली काय.