आततायी : ताणलेल्या धनुष्यातून आलेला शब्द

'आततायीपणा करू नकोस', असे आज सहज म्हटले जाते. बोलणाऱ्याच्या मनात असतो तो उतावळेपणा किंवा अविचार. मूळ अर्थ मात्र याहून कितीतरी भीषण आहे.

संस्कृतातील 'तन्' धातूचा अर्थ ताणणे. मराठीतील 'ताण', 'ताणणे' हे शब्द याच कुळातले. 'आतत' म्हणजे ताणलेले आणि 'आततायी' म्हणजे धनुष्य ताणून चालून येणारा. यजुर्वेदातील रुद्राध्यायात हे रुद्राचेच विशेषण आहे. तेथे त्यात निंदा नाही, आहे ते भय आणि वंदन.

पुढे धर्मशास्त्राने हा शब्द गुन्हेगारासाठी योजला. वसिष्ठ धर्मसूत्रात सहा आततायी सांगितले आहेत : आग लावणारा, विष देणारा, शस्त्र घेऊन धावून येणारा, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि स्त्रीचे अपहरण करणारा. अशा मनुष्याला, मग तो गुरू असो वा वृद्ध, विचार न करता मारावे, असे मनुस्मृती सांगते.

महाभारताच्या वाचकाला ही यादी ओळखीची वाटेल. भीमाला विष, लाक्षागृहाची आग, द्यूतात हरलेले राज्य, भरसभेत द्रौपदीची विटंबना. तरीही गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो, की या आततायींना मारून आपल्याला पापच लागेल. शास्त्राची मुभा असूनही त्याचा हात थांबतो, हे लक्षणीय आहे.

तेथेच या शब्दाची खरी कसोटी आहे. आततायी ठरते ती कृती. जात वा कुळ नव्हे. चढवलेला बाण समोर दिसत असतो, म्हणून तत्काळ प्रतिकाराची मुभा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील स्वसंरक्षणाचा हक्कही (कलम ३४ ते ४४) धोक्याच्या वाजवी भीतीपासून सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करण्याची परवानगी कायदा देतो.

एखाद्याला 'आततायी' म्हणणे म्हणजे एके काळी त्याच्या वधाला संमती देणे होते. अर्थ आज सौम्य झाला आहे. पण जमाव जेव्हा एखाद्याला परस्पर गुन्हेगार ठरवून त्याच्यावर तुटून पडतो, तेव्हा धनुष्य नेमके कोणी ताणले आहे, हा प्रश्न जुना शब्दच विचारतो.