तक्ता मोठा झाला, रेषा कुठे हरवल्या?

समजा, विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही संगणकावर हृदयाची आकृती काढली. ए-४ आकाराच्या, म्हणजे २१० × २९७ मि.मी. कागदावर ती छान रेखीव दिसली. मग तीच आकृती ए-० आकाराच्या, म्हणजे ८४१ × ११८९ मि.मी. कागदावर मोठी करून छापून आणली. तक्ता भिंतीवर लावला, चार पावले मागे येऊन पाहिले, आणि काय! रक्तवाहिन्यांच्या रेषा अगदी पुसट झालेल्या. असे का व्हावे?

आकृतीची लांबी-रुंदी चौपट झाली, पण रेषेची जाडी मात्र ०.५ मि.मी.च राहिली. चित्र काढण्याच्या अनेक आज्ञावलींत आकाराबरोबर जाडी वाढवण्याची सूचना वेगळी द्यावी लागते. ती दिली असती, तर रेषा २ मि.मी. जाड झाली असती.

हाताने नकाशे काढणाऱ्या आरेखकांना हे गणित ठाऊक होते. ए मालिकेतील कागदांची मानके जर्मनीत १९२२ साली ठरली. त्यांत लांबी आणि रुंदी यांचे गुणोत्तर √२, म्हणजे सुमारे १.४१ असते. कागदाचा आकार एक पायरी वाढला, की प्रत्येक बाजू १.४१ पट होते. आरेखकांच्या शाईच्या पेनांची जाडीही त्याच पटीने चढते : ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, १.०, १.४, २.० मि.मी. ए-४ वरील आकृती ए-३ वर मोठी केली, की ०.५ ची रेषा ०.७ ची होते. दुरुस्तीसाठी नेमके त्याच जाडीचे पेन हाताशी असते!

पण एवढ्यानेही काम भागत नाही. वस्तू किती मोठी दिसते, हे ती डोळ्याशी केवढा कोन करते यावर अवलंबून असते. चौपट मोठी केलेली आकृती चौपट अंतरावरून मूळ आकृतीसारखीच दिसते. म्हणजे ३० सें.मी. वरून वाचायचे पान ए-० वर १२० सें.मी. वरून तसेच दिसेल. प्रेक्षक ६ मीटरवर उभा असेल, तर २ मि.मी.ची रेषा त्याला हातातल्या कागदावरील ०.१ मि.मी.च्या रेषेएवढीच बारीक भासेल.

मग सगळ्याच रेषा जाड कराव्यात का? नाही. तसे केल्यास त्यांमधील मोकळी जागा बुजेल. निरोगी डोळ्याला साधारणपणे अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर वेगळे ओळखता येते. ६ मीटरवर ते सुमारे पावणेदोन मि.मी. भरते. म्हणून दुरून पाहायच्या तक्त्यात बारीक तपशील गाळावेत, मुख्य रेषा ठळक कराव्यात आणि त्यांत भरपूर अंतर ठेवावे.

करून पाहा : पांढऱ्या कागदावर प्रत्येकी १ मि.मी. जाडीच्या दोन काळ्या रेषा १ मि.मी. अंतर ठेवून काढा. कागद उजेडात भिंतीवर लावा आणि मागे मागे सरका. रेषा एकमेकींत मिसळल्या, की थांबा व अंतर मोजा. ते साधारण साडेतीन मीटरच्या आसपास येईल. वर्गातील सर्वांची अंतरे फळ्यावर मांडा आणि मगच पुढचा तक्ता काढायला घ्या.